लाल रंगातलं नाव

माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं. ते एस.टी. डेपोत गाड्या धुवायचे. डेपोसमोरच आमची शाळा. शाळेच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक फळा होता. निकाल लागला की सर त्यावर स्वतःच्या हातानं नावं लिहायचे. वर्गात पहिल्या आलेल्यांची पांढऱ्या खडूनं, आणि सगळ्या शाळेत पहिलं आलेल्याचं एकच नाव लाल खडूनं.

नववीच्या निकालाला ते नाव माझं होतं. बाबा दुपारच्या सुट्टीत ओल्या पँटनिशीच आले आणि फळ्यासमोर उभे राहिले.

"लाल आहे ते आपलं ना?"

"हो."

मग ते डेपोतल्या दोघातिघांना घेऊन आले. "ते लाल दिसतंय ना, ते आमचं," असं लांबूनच दाखवत होते. जवळ गेलं तर कुणी वाचायला सांगेल अशी त्यांना भीती असावी. जूनमध्ये फळा पुसला गेला, तरी जाता-येता त्यांची नजर तिकडे जायची.

आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. बी.ए. इंग्रजी, मग बी.एड. त्या सरांनी फीची सोय केली नसती, पुस्तकं दिली नसती, तर मी आज कुठे असते ते मला नीट माहीत आहे. म्हणून सरांची प्रत्येक सवय मी जपून ठेवली होती. त्यातली एक मी ओजिमाला घेऊन गेले.

ओजिमा हा तोक्योतला भाग. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत आमच्यासारखी बरीच कुटुंबं तिथे आली. नवरे सकाळी सॉफ्टवेअरच्या कामाला जायचे आणि आम्ही बायका चौदा मजली सरकारी इमारतींमध्ये दिवसभर कचरा वेगळा करायला शिकायचो. हे मी गमतीनं म्हणत नाही. कोणता कचरा कोणत्या वारी टाकायचा हे समजायला मला दोन महिने लागले.

एका जपानी आजींची ओळख कचऱ्यामुळेच झाली. त्या समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. एका सकाळी त्यांनी माझी पिशवी हातानं अडवली, आतली प्लास्टिकची बाटली काढली, झाकण काढून वेगळं केलं, बाटली पाण्यानं विसळल्यासारखं करून दाखवलं, आणि पिशवी परत माझ्या हातात दिली. मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या दारात हजर. हातात एक तक्ता होता. वारांचे रकाने, पुढे चित्रं, आणि चित्रांखाली पेन्सिलीनं कापऱ्या इंग्रजी अक्षरांत 'जळतो', 'जळत नाही'.

मी शुद्धलेखनाची एक चूक नकळत दुरुस्त केली. सवयच ती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"टीचर?"

"हो," मी म्हटलं. नोकरी अशी मी कुठेच केली नव्हती.

महिन्याभरात इमारतींच्या सामाईक हॉलमध्ये, दर मंगळवारी सकाळी दहा वाजता, माझा इंग्रजीचा वर्ग सुरू झाला. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना थोडे तास काम करायची परवानगी काढता येते, ती मी काढली. सात विद्यार्थी, सगळे साठीच्या पुढचे. पहिल्या दिवशी ते माझ्याकडे बघत होते आणि मी दाराकडे. इंग्रजीची बाई म्हटल्यावर त्यांनी सोनेरी केसांची कुणीतरी कल्पिली असणार. मी सांगून टाकलं की मी लहान गावातली आहे, माझी शाळा मराठी होती, इंग्रजी मला पाचवीत भेटलं.

"हरकत नाही," आजी म्हणाल्या. "तुमचं इंग्रजी मला ऐकू येतं. टीव्हीवरचं नुसतं वाहून जातं."

वर्गात एक आजोबा होते, निवृत्त टॅक्सीवाले. भारतीयांचं गणित पक्कं असतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. दर मंगळवारी आल्या आल्या ते माझी परीक्षा घ्यायचे. वर्गात सगळे मला सेन्सेई म्हणायचे, म्हणजे बाई.

"सेन्सेई, एकोणीस गुणिले सतरा?"

मी मनात मराठीत पाढा म्हणायचे. "तीनशे तेवीस."

"ओऽऽ!" सगळा वर्ग. मग आजोबा खिशातून कॅल्क्युलेटर काढून खात्री करून घ्यायचे आणि म्हणायचे, "आज पगार द्यायला हरकत नाही."

बाकीचे वेळ घालवायला येत. आजींचं तसं नव्हतं. त्यांचा मुलगा कॅनडात होता. त्याची सात वर्षांची मुलगी ऑगस्टमध्ये पहिल्यांदा आजीकडे येणार होती, आणि तिला जपानी येत नव्हतं. आजींना दुभाषा नको होता. "मुलगा मध्ये बसला तर तो त्याचं बोलेल," त्या म्हणायच्या. "मला माझं बोलायचंय."

त्यांच्याकडे जुना कॅसेट वाजवायचा रेडिओ होता. मी त्यांच्यासाठी एक कॅसेट भरून दिली. प्रवास कसा झाला? झोप लागली का? तुला आणखी भात हवा का? मी एक वाक्य म्हणायचे आणि मनात पाच आकडे मोजून जागा सोडायची, म्हणजे त्या जागेत त्यांनी ते वाक्य म्हणावं. आमच्या बी.एड.च्या बाईंनी शिकवलेली पद्धत. कचरा टाकायला खाली गेलं की त्यांच्या बाल्कनीतून माझाच आवाज यायचा आणि मागोमाग आजींचा, अर्ध्या पावलानं मागे राहिलेला.

एकच वाक्य कॅसेटवर भरायचं राहिलं होतं. ते त्यांनी मला जुलैच्या सुरुवातीला सांगितलं, आमच्या दोघींच्या मोडक्या भाषांत, हातवारे करून. त्यांचे यजमान मुलाची उंची दरवर्षी दाराच्या चौकटीवर रेघ मारून मोजायचे. नात जन्मायच्या आधीच ते गेले. आजी तिला त्यांच्या थडग्यावर नेणार होत्या आणि सांगणार होत्या, 'तू केवढी झालीस ते आजोबांना सांग.'

"टेल हिम हाउ टॉल यू आर," मी म्हटलं.

त्यांनी तीनदा म्हटलं, तीनदा अडखळल्या, हसल्या. "हे सगळ्यात महत्त्वाचं. हे शेवटी भरू. नीट."

त्यानंतरच्या मंगळवारी मी सत्र संपल्याची प्रमाणपत्रं देणार होते. मला सरांचा फळा आठवत होता. सगळा मजकूर मी काळ्या शाईनं लिहिला आणि नावांसाठी लाल शाईचं ब्रशपेन विकत आणलं. हजेरीच्या कागदावर प्रत्येकानं आपलं नाव जपानी अक्षरांत लिहिलेलं होतं. ते बघून मी दुपारभर वर्तमानपत्रावर गिरवत बसायचे. आजींच्या नावाची चार अक्षरं होती. पहिली दोन घराण्याची, शेवटची दोन त्यांची स्वतःची. ती शेवटची दोन मला सगळ्यात सुंदर जमली. चार दिवस माझ्या बोटाचा लाल डाग गेला नाही.

नवरा म्हणाला, "काळ्यानं लिहून चाललं नसतं का?"

"तुला नाही कळायचं," मी म्हटलं. "लाल म्हणजे पहिला नंबर. मी सातही जणांना पहिला नंबर दिलाय."

प्रमाणपत्रं मी एकेकाला उभं करून दिली. प्रत्येकानं दोन्ही हातांनी घेतलं, वाकून आभार मानले. हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता. टॅक्सीवाल्या आजोबांनी पाढा विचारला नाही. आजींनी आपलं प्रमाणपत्र सगळ्यात जास्त वेळ बघितलं. मग पिशवीतून कापड काढलं, त्यात ते गुंडाळलं, माझ्याकडे बघून थोडंसं हसल्या. मला वाटलं, भरून आलंय त्यांना.

"वाक्य?" मी विचारलं.

"पुढच्या मंगळवारी," त्या म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी तिघेच आले. आजी आल्या नाहीत. त्यांच्या बाल्कनीची काच बंद होती, आतून पडदा ओढलेला. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तसंच.

आमच्या इमारतीत ठाण्याच्या एक ताई होत्या, आमच्या चार वर्षं आधीपासून तिथे राहणाऱ्या. त्यांच्याकडे मी सहज विषय काढला. प्रमाणपत्राचा एक कोरा नमुना माझ्याकडे होता, तो दाखवला, नाव इथे लाल रंगात लिहिलं म्हणून सांगितलं.

"लालनं? नावं?" ताईंनी हातातलं लाटणं ठेवलं. "तीही म्हाताऱ्यांची? शाबास गं बाई तुझी!"

"का? काय झालं?"

"अगं, इथे जिवंत माणसाचं नाव लालनं लिहीत नाहीत. स्मशानातल्या दगडावर असतात लाल नावं. माझ्या मुलीनं शाळेत मैत्रिणीचं लिहिलं होतं, तर बाईंनी मला बोलावून घेतलं. तुला कुणी बोललं नाही?"

"नाही."

"कसे बोलतील? तू सेन्सेई ना!"

घरी येऊन मी ते ब्रशपेन कपाटात सगळ्यात मागे टाकलं. न जळणाऱ्या कचऱ्यात टाकायचं होतं, पण त्यातही ते आजींच्या हाताला लागेल असं वाटलं.

नवरा म्हणाला, "माहीत नव्हतं तुला. जाऊन सॉरी म्हण, विषय संपव."

मी गेले. ऑगस्ट लागला होता, सकाळचे अकरा वाजले असतील, झाडांवर किडे कर्कश ओरडत होते. बेल वाजवायला हात उचलला आणि थांबले. आतून माझा आवाज येत होता.

'हाउ वॉज युअर फ्लाइट?'

मग एक, दोन, तीन, चार, पाच. आजींचा आवाज आला नाही.

'डिड यू स्लीप वेल?'

पुन्हा पाच आकड्यांची जागा. आत कुणीतरी होतं, कारण खुर्ची सरकल्यासारखं झालं. पण जागा रिकामीच गेली. मी बेल वाजवली. माझा आवाज वाक्याच्या मध्येच बंद झाला. दार उघडलं नाही. दारातल्या भिंगामागे कुणी उभं आहे का हे बाहेरून कळत नाही, तरी मी त्या भिंगाकडे बघून वाकून माफी मागितली, जपानीत आणि मग मराठीतही.

त्यानंतर रोज सकाळी तेच. मी बाल्कनीखालून जायचे, वर माझा आवाज विचारायचा, भात हवा का, झोप लागली का, आणि कुणी उत्तर देत नसे. आपल्याच आवाजाला असं एकटं बोलताना ऐकणं काय असतं ते मी कुणाला सांगू शकणार नाही. मी घरात बोलणं कमी केलं. भाजी चिरतानाही मनात पाच मोजायची सवय लागली.

शेवटी मी टॅक्सीवाल्या आजोबांना भाजीच्या दुकानाबाहेर गाठलं. त्यांनी एक बोट आपल्या डोक्यावर ठेवलं, मग उजव्या हातावर, मग ओठांवर.

"झटका आला. लहानसा. दहा दिवस हॉस्पिटलमध्ये होती. चालते थोडंथोडं. पण बोलता येत नाही."

"कधी झालं?"

ते टोमॅटो निवडत राहिले. "तुम्ही ते कागद दिलेत ना, त्यानंतर. चार दिवसांनी."

"माझ्यामुळे?"

"छे छे! उन्हामुळे." त्यांनी इतक्या जोरात हात हलवला की टोमॅटो पडला. तो उचलून पुसत म्हणाले, "माझंही नाव लाल होतं, सेन्सेई. मी बघा, आहे. काल दोन वाडगे नूडल्स खाल्ले." मग तो टोपलीत ठेवत, "रोज सकाळी तो कागद ठेवलेला ड्रॉवर उघडून बघतो मात्र."

तो विनोद होता. त्यांच्या डोळ्यांत तो नव्हता.

म्हणजे आजींना नातीला काही सांगता येणार नव्हतं. वर्षभर ज्याच्यासाठी त्या आल्या होत्या तेच. मी देवाला मानते, पण शकुन-अपशकुन मानू नयेत असं सरांनी शिकवलं होतं. मी स्वतःला तेच सांगत होते. आणि बोटाकडे बघत होते, डाग गेला तरी.

ऑगस्टच्या मध्यावर एका सकाळी आमची बेल वाजली. दारात आजींची मुलगी होती. ती चिबाला राहायची, मी तिला एकदाच लांबून पाहिलं होतं. ती वाकली, मी वाकले. ती चांगलं इंग्रजी बोलायची.

"आज आम्ही वडिलांच्या थडग्यावर जातोय. भाची परवा आली. आई म्हणते तुम्ही चला."

"म्हणते?"

तिनं एक कागद दाखवला. डाव्या हातानं लिहिलेलं, लहान मुलासारखं मोठं अक्षर. एकच शब्द मला वाचता आला, 'सेन्सेई'.

"भाचीशी ती तुमच्या कॅसेटनं बोलते," मुलगी म्हणाली. "सकाळी बटण दाबते, तुम्ही विचारता झोप लागली का, भाची म्हणते हो. बरोबर वाक्य सापडायला वेळ लागतो, पुढे-मागे करावं लागतं. हॉस्पिटलमधून आल्यापासून त्याचाच सराव करत होती. पण एक वाक्य त्यात नाही म्हणे. आईचा आवाज येत नाही. तुमचा येईल का?"

म्हणजे त्या सकाळी आत रिकामी जागा नव्हती. माझी वाक्यं कुठे आहेत ते आजी पाठ करत होत्या.

देवळामागची स्मशानभूमी लहान होती, चहूबाजूंनी घरं, कुणाच्या तरी बाल्कनीत गाद्या वाळत घातलेल्या. आजी चाकाच्या खुर्चीत होत्या. ओठांची उजवी कड खाली आली होती. मला बघून त्यांनी डावा हात उचलला. मी माफीचं वाक्य जपानीत घोकून आले होते. ते म्हणायला वाकले, तेवढ्यात मुलीनं खुर्ची दगडासमोर वळवली आणि मला ते दिसलं.

दगडाच्या बाजूला दोन नावं कोरलेली होती. एक रंग नसलेलं. आणि त्याच्या शेजारी लाल रंग भरलेली दोन अक्षरं. मला जपानी फारसं वाचता येत नव्हतं, पण ती दोन अक्षरं मी दुपारभर गिरवली होती. माझंच अक्षर दगडावर उमटावं तसं वाटलं.

आजींनी माझं मनगट धरलं. त्यांच्या डाव्या हाताचं बोट त्या लाल अक्षरांवर गेलं, मग स्वतःच्या छातीवर. पुन्हा अक्षरांवर, पुन्हा छातीवर. घशातून आवाज आला, शब्द नव्हता.

"वडील गेले तेव्हा दोघांची नावं एकदमच कोरली," मुलगी म्हणाली. "जी व्यक्ती अजून आहे तिच्या नावात लाल भरतात. गेली की काढून टाकतात."

"मग मी जे लिहिलं ते..."

तिनं दगडावरची वाळकी पानं झटकली. मग म्हणाली, "कागदावर लिहीत नाहीत, हे खरं." आईकडे बघून पुढे म्हणाली, "पण ते आईनं फेकलं नाही."

एवढंच. चांगलं होतं की वाईट, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नात पाण्याची बादली घेऊन आली. मी तिला हॅलो म्हटलं, तशी ती आत्याकडे वळली. "ही आजीच्या रेडिओतली बाई आहे!"

आजींनी माझं मनगट दाबलं.

मी मनात पाच मोजले. मग म्हटलं, "टेल हिम हाउ टॉल यू आर."

नातीला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. ती दगडाला पाठ लावून उभी राहिली, डोक्यावर तळहात सपाट ठेवला आणि बाजूला होऊन हात तिथेच दगडावर टेकवला. "एवढी, आजोबा." तिचा हात त्या लाल अक्षरांच्या बरोबर खाली होता. आजी बघत होत्या. नात हात काढायला लागली तेव्हा त्यांनी मान हलवली, अजून थोडा वेळ, अशी.

सप्टेंबरमध्ये वर्ग पुन्हा सुरू झाला. पाच जण आले. आजीही यायच्या, बसायच्या, कधी कधी वाक्याच्या शेवटी ओठ हलवायच्या. त्या पुन्हा बोलल्या नाहीत. प्रमाणपत्रं मी पुढे काळ्या शाईनं लिहिली. टॅक्सीवाल्या आजोबांनी मग पाढे विचारायला सुरुवात केली, तेवीसच्या पुढचे.

पुढे आम्ही तोयोसुला राहायला गेलो, नवऱ्याच्या ऑफिसजवळ. तरी वर्षातून दोनदा मी ओजिमाला त्या देवळामागे जाऊन यायचे. आत शिरायची गरज नसे. फाटकातूनच राखाडी दगडांमध्ये तो लाल ठिपका दिसायचा. आहेत, असं म्हणायचे आणि परत फिरायचे. त्यांच्या घरी जाऊन बेल वाजवण्यापेक्षा मला हे सोपं वाटायचं. त्याची लाज वाटते आता.

मग बाबा आजारी पडले. मी चार महिने गावी होते. ते गेल्यावर परत आले आणि महिनाभरानं त्या देवळाकडे गेले. फाटकातून बघितलं. सगळे दगड एकसारखे होते. मी आत गेले, एका रांगेतून दुसऱ्या रांगेत फिरत राहिले. इतक्या वर्षांत दगड कोणत्या रांगेत आहे हे मी कधी लक्षातच ठेवलं नव्हतं. बाबांनी माझं नाव ओळखावं तसं मी ते रंगावरून ओळखत आले होते.

शेवटी अक्षरांवरून सापडलं. तीच दोन, आता शेजारच्या नावासारखी. मी बादलीत पाणी आणून दगड धुतला. मग बोटानं ती अक्षरं गिरवली, वर्तमानपत्रावर गिरवायचे त्याच क्रमानं, खाचांच्या तळापर्यंत.

बोटाला काही लागलं नाही.